मुळांचा जमाखर्च

संस्कृतात वृक्षाला 'पादप' असे एक नाव आहे. जो पायांनी पितो तो पादप. हे नाव ज्याने योजिले त्याचे निरीक्षण मार्मिक होते यात शंका नाही. तथापि त्या नावात सत्याची एकच बाजू आली आहे. मुळे जमिनीतून पाणी व क्षार घेतात, हे आपण शाळेपासून शिकत आलो. परंतु तीच मुळे जमिनीला रात्रंदिवस काही देतही असतात, हे आपल्या फारसे ध्यानी येत नाही. हे देणे थोडेथोडके नसते आणि निर्हेतुकही नसते. मुळांतून पाझरणाऱ्या या स्रावांमुळे मातीतील सेंद्रिय द्रव्याचे काय होते, ते वाढते की खर्ची पडते, याचा विचार आज आपण करणार आहोत. ज्यांचे पोट जमिनीवर आहे त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

प्रथम हा स्राव म्हणजे काय ते पाहू. बाजरीचे किंवा गव्हाचे कोवळे रोप अलगद उपटून हलकेच झटकावे. सुटी माती गळून पडते. पण मुळांभोवती मातीचा एक पातळ थर पायमोज्यासारखा चिकटून राहतो. मुळाच्या टोकाशी एक बुळबुळीत द्रव्य सतत स्रवत असते. कठीण मातीतून मूळ पुढे सरकते ते या वंगणाच्या आधाराने, आणि मातीचे कण मुळाला चिकटतात तेही पुष्कळ अंशी त्यामुळेच. या चिकट द्रव्याखेरीज मुळे साखर सोडतात, प्रथिनांचे घटक असणारी अमिनो आम्ले सोडतात, लिंबातील सायट्रिक, अळूच्या पानांतील ऑक्झॅलिक अशा जातीची सेंद्रिय आम्लेही सोडतात. पानांना किरणोत्सर्गी कर्ब असलेला वायू देऊन शास्त्रज्ञांनी या कर्बाचा माग काढला आहे. दिवसा पानांनी हवेतून घेतलेला कर्ब काही तासांतच मुळांवाटे मातीत उतरलेला आढळतो. पीक कोणते, त्याचे वय काय, माती कशी, यांवर प्रमाण बदलते. परंतु झाड सूर्यप्रकाशात जे अन्न तयार करते त्यातील साधारणपणे ५ ते २० टक्के कर्ब असा मुळांवाटे जमिनीत जातो, असा अंदाज आहे. आपल्या कमाईचा एवढा हिस्सा जो वाटून टाकतो त्याला आपण एक तर दाता म्हणू, नाही तर व्यापारी. झाड बव्हंशी व्यापारी आहे.

या व्यापारातील दुसरा पक्ष कोणता, याकडे जर्मनीतील लोरेन्त्स हिल्टनर या शास्त्रज्ञाने १९०४ साली लक्ष वेधले. मुळांना लगटून असलेल्या मातीत सूक्ष्म जंतूंची जी दाटी असते ती इतर मातीहून कितीतरी अधिक असते, आणि पिकाचे आरोग्य तिच्यावर अवलंबून असते, असे त्याचे प्रतिपादन होते. मुळांभोवतालच्या या मातीला त्याने 'ऱ्हायझोस्फिअर' म्हणजे मूलपरिसर असे नाव दिले. एरवी माती ही जंतूंच्या दृष्टीने उपासमारीची जागा असते. तेथे कोट्यवधी जीव अन्नावाचून निपचित पडलेले असतात. अशा ठिकाणी मुळाचे टोक साखर पाझरीत आले म्हणजे दुष्काळी गावात अन्नछत्र उघडावे तसे होते. निद्रिस्त जंतू जागे होतात, वाढतात, कामाला लागतात.

आता या जंतूंपुढे जे काम आहे ते कोणते? त्यासाठी मातीतील सेंद्रिय द्रव्याची ओळख करून घेतली पाहिजे. पालापाचोळा, धसकटे, शेणखत, मेलेली मुळे, किडे आणि खुद्द जंतूंचे देह कुजून जे काळपट द्रव्य मातीत मुरते त्याला सेंद्रिय द्रव्य म्हणतात. ते किती मोलाचे आहे याचा लहानसा हिशेब मांडू. एक हेक्टर शेताच्या वरच्या १५ सेंटीमीटरांच्या थरात सुमारे २२ लाख किलो माती असते. ज्या जमिनीत सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांहून कमी असतो ती माती परीक्षणाच्या पत्रिकेत या बाबतीत दरिद्री गणली जाते. पण हा ०.५ टक्का म्हणजेही ११ हजार किलो कर्ब झाला. सेंद्रिय द्रव्यात दर दहाबारा भाग कर्बामागे एक भाग नत्र असते. म्हणजे ज्या जमिनीला आपण दरिद्री म्हणतो तिच्याही पोटात हेक्टरी सुमारे १ हजार किलो नत्र साठलेले असते. ज्वारीसारख्या पिकाला एका हंगामात लागणारे नत्र १०० किलोंच्या आतबाहेर असते. असे असूनही पीक नत्रावाचून पिवळे पडते. याचे कारण ही सारी ठेव कुलूपबंद असते. तिच्यातील काही द्रव्ये पचायला कठीण असतात, काही चिकणमातीच्या आणि लोहाच्या कणांना घट्ट चिकटलेली असतात, तर काही मातीच्या बारीक रव्यांच्या आत, जेथे जंतूंचा शिरकाव होत नाही अशा ठिकाणी, अडकून पडलेली असतात. वर्षाकाठी त्यातील शेकडा दोनचार भागच मोकळे होतात.

शुभवर्तमानातील एका दृष्टांतात एक दास धन्याने सोपविलेला पैसा जमिनीत पुरून ठेवतो आणि अखेरीस धन्याचा रोष ओढवून घेतो. मातीतील नत्राची ठेवही अशीच पुरलेली असते. ती उकरून व्यवहारात आणण्याचे काम मूळ करते, आणि त्यासाठी त्याच्यापाशी दोन किल्ल्या आहेत.

पहिली किल्ली साखरेची. चुलीत जाड ओंडका पेटवायचा असला तर गृहिणी त्याला थेट काडी लावीत नाही. ती आधी चिपाडे व काटक्या पेटविते, त्यांच्या जाळावर ओंडका धरतो. मातीतील जुने सेंद्रिय द्रव्य हा असाच ओंडका होय. ते फोडण्यास जंतूंना जी शक्ती खर्चावी लागते ती त्यांच्यापाशी नसते. मुळांची साखर ही त्यांची चिपाडे. ती खाऊन जंतू बळावतात, आणि वाढत्या शरीराला नत्र हवे म्हणून जुने द्रव्य फोडू लागतात. पुढे ते जंतू मरतात, किंवा त्यांना खाऊन जगणारे अधिक मोठे सूक्ष्म जीव त्यांचा फन्ना उडवितात. त्यातून मोकळे होणारे नत्र मुळांच्या हाती लागते. फेलिक्स लोनिस या जीवाणुशास्त्रज्ञाने १९२६ सालीच असे नमूद केले होते की, हिरवळीचे खत जमिनीत गाडले म्हणजे केवळ त्या खतातलेच नव्हे, तर जमिनीच्या जुन्या साठ्यातलेही नत्र मोकळे होऊ लागते. १९५३ साली अमेरिकेतील संशोधकांनी या घटनेला 'प्रायमिंग' असे नाव दिले. कोरड्या पडलेल्या पंपात तांब्याभर पाणी ओतून तो चालू करतात, त्या क्रियेचे हे नाव आहे. फ्रान्समधील सेबास्तियाँ फोंतेन आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर विलक्षणच आहे. कुरणाच्या जमिनीतील ६० ते ८० सेंटीमीटर खोलीवरची माती त्यांनी घेतली. तिच्यातील कर्बाचे वय सुमारे अडीच हजार वर्षे भरले. त्या मातीत वनस्पतींच्या देहात असणारे ताजे सेल्युलोज मिसळताच अडीच हजार वर्षे निश्चल राहिलेला तो कर्ब जंतूंनी फोडावयास आरंभ केला. जे न कुजणारे वाटत होते ते केवळ चिपाडांच्या अभावी पेटले नव्हते.

दुसरी किल्ली आम्लांची. चिकणमातीला व लोहाला चिकटून बसलेले सेंद्रिय द्रव्य जंतूंच्या आवाक्याबाहेर असते. मार्को कायलुवाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत कृत्रिम मुळांवाटे मातीत निरनिराळे पदार्थ हळूहळू झिरपविले. एकातून द्राक्षशर्करा, दुसऱ्यातून व्हिनेगारमधले अॅसिटिक आम्ल, तिसऱ्यातून ऑक्झॅलिक आम्ल. २०१५ साली त्यांनी जे निष्कर्ष मांडले ते असे की, ऑक्झॅलिक आम्ल खनिजांची पकड सैल करते, त्यामुळे खनिजांच्या आश्रयाला असलेले जुने द्रव्य सुटे होते, आणि मग जंतू ते फस्त करतात. म्हणजे साखर जंतूंना बळ देते, तर आम्ल कोठारच उघडते.

ही आम्लाची किल्ली आपल्या दख्खनच्या मातीतही फिरते, आणि तिचा एक उत्तम शोध हैदराबादजवळच लागला. पटानचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आहे. तेथील आवारात तांबडी आणि काळी अशा दोन्ही जातींची माती आहे. बेळगावकडील श्रोत्यांना हा भेद सांगावयास नकोच. शहराच्या पश्चिमेस तांबडी आणि पूर्वेस काळी माती ते रोज पाहतात. तांबड्या मातीत स्फुरद हे लोहाशी बांधलेले असते व बहुतेक पिकांना ते सोडविता येत नाही. तूर मात्र अशा जमिनीत स्फुरदाचे खत न घालताही तग धरते. नोरिहारू आए हे जपानी शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली याचे कारण दाखवून दिले. तुरीची मुळे पिसिडिक आम्ल नावाचा स्राव सोडतात. ते आम्ल लोहाला धरून ठेवते आणि त्याच्याशी जखडलेले स्फुरद मोकळे होते. पुढे तुरीची पाने गळतात, ती कुजतात, आणि लोहाच्या तुरुंगातून सुटलेले हे स्फुरद सेंद्रिय रूपाने पुढच्या पिकाच्या कामी येते. ज्वारीत तुरीचे पाटे घेण्याची आपल्याकडची चाल किती विचाराची होती हे यावरून ध्यानात यावे. हरभऱ्याचेही तसेच. हरभऱ्याच्या झाडांवर पहाटे धडपा पसरून दवाबरोबर आंब गोळा करण्याची पद्धत पुष्कळांना ठाऊक असेल. ती आंब म्हणजे पानांनी सोडलेली सेंद्रिय आम्ले. जे झाड जमिनीच्या वर आंबट आहे त्याची मुळेही जमिनीखाली आम्ले सोडतात, आणि काळ्या मातीत चुन्याशी बांधलेले स्फुरद त्यांच्यामुळे विरघळते.

येथवर ऐकून कोणाच्याही मनात शंका येईल की, मुळे जर जुन्या ठेवी अशा उघडीत सुटली, तर जमिनीचे भांडवल संपून जाणार नाही काय? शंका रास्त आहे. खातेवहीचे एकच पान वाचले तर तसेच वाटेल. पण त्या वहीला जमेची बाजूही आहे.

मुळांची साखर खाऊन जे जंतू वाढतात ते अखेर मरतातच, आणि त्यांच्या देहांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतात. मातीत दीर्घकाळ टिकणाऱ्या सेंद्रिय द्रव्याचा मोठा भाग अशा मृत जंतूंचाच असतो, असे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे. शिवाय मुळांचे स्राव हे बुरशीला दिलेले आमंत्रणही असते. स्ट्रायगोलॅक्टोन नावाचे अत्यल्प प्रमाणात स्रवणारे द्रव्य मुळांशी सख्य करणाऱ्या बुरशीला बोलावून घेते, हे २००५ साली सिद्ध झाले. दुर्दैवाने हीच हाक ज्वारीचा वैरी जो टारफुला त्याच्याही बीजाला ऐकू येते आणि तो मुळावर येऊन बसतो. मित्राला घातलेली साद शत्रूनेही ऐकावी असा हा प्रकार आहे. असो. बोलावलेल्या बुरशीचे तंतू मातीचे कण एकत्र बांधतात, मुळांचा चिकट स्राव त्यांना सांधतो, आणि मातीला रवाळपणा येतो. या रव्यांच्या आत नवे सेंद्रिय द्रव्य सुरक्षित राहते. जमिनीवर पडून कुजणाऱ्या पानादेठांपेक्षा मुळांवाटे आलेला कर्ब अधिक टिकतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात हे प्रमाण सुमारे २.४ पट भरले.

याची प्रचीती घरच्या घरी घेता येते. शेताच्या बांधावर जेथे वर्षानुवर्षे गवत आहे तेथले एक ढेकूळ घ्यावे, आणि सतत नांगरल्या जाणाऱ्या त्याच शेतातले तेवढेच दुसरे. दोन्ही चांगली वाळवून पाण्याच्या दोन पेल्यांत, चहाच्या गाळणीत ठेवून हळूच सोडावीत. नांगरटीतले ढेकूळ बहुधा पाहता पाहता विरघळून तळाशी गाळ साचतो. बांधावरचे पुष्कळ वेळ आपला आकार धरून राहते. माती एकच, पाऊस एकच. अंतर पडते ते मुळांनी, आणि नांगराने मोडले न गेल्याने.

मुळेच नसतील तर काय होते, याचाही पुरावा उपलब्ध आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील जगप्रसिद्ध संशोधन केंद्रात एक जुने कुरण नांगरून त्याचा एक तुकडा १९५९ सालापासून मुद्दाम उघडा ठेवण्यात आला. त्यावर काहीही उगवू द्यायचे नाही, असा नियम. पन्नास वर्षांत त्या तुकड्यातील सेंद्रिय कर्बापैकी निम्म्याहून अधिक नाहीसा झाला. मुळे नव्हती म्हणून ठेव वाचली, असे घडले नाही. जंतूंची भूक कमीअधिक प्रमाणात चालूच राहिली. आत येणारे मात्र थांबले. यावरून मुळांना उधळी म्हणणे चुकीचे ठरते. मुळे खर्च करतात आणि भरतीही करतात. बाकी कोणत्या बाजूला निघते ते मात्र पुष्कळ अंशी माणसाच्या हाती असते.

ते कसे, हे आपल्या शेतांकडे पाहून सहज कळेल. ज्वारीचा कडबा गुरांच्या दावणीला जातो, पऱ्हाट्या व तुराट्या चुलीत जातात, उसाचे पाचट शेतातच पेटविले जाते, शेणाच्या गोवऱ्या होतात. शेतात उरतात ती फक्त मुळे. त्यानंतर जमीन सातआठ महिने उघडी तापत राहते. अशा शेतात पीक उभे असता मुळे जुनी ठेव काढून घेतात आणि पीक निघाले की भरणा बंद पडतो. कोणताही संसार असा फार दिवस चालत नाही. उतारा पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातो, आणि मग दोष पावसाला दिला जातो.

यावरचा एक उपाय शोधला गेला तो इंदूर येथे. अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ या काळात तेथील वनस्पतिउद्योग संस्थेचे प्रमुख होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व राख यांचे थर रचून, ते वरचेवर खालीवर करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत बनविण्याची रीत बसविली. पऱ्हाट्या व तुराट्या यांसारखा कठीण माल गाडीवाटेवर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेण्याची त्यांची युक्ती तर अगदी आपल्या मातीतली होती. दोघांचे या विषयावरील पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि इंदूरचे नाव या खताच्या रूपाने जगभर गेले. त्या काळी मूलस्रावांविषयी आजच्याइतकी माहिती नव्हती. आज आपण असे म्हणू शकतो की, मुळे जी ठेव खर्चितात तिची बाहेरून भरपाई करण्याची ती पद्धत होती.

आजचे ज्ञान त्यात दोन गोष्टींची भर घालते. एक म्हणजे खताइतकेच जिवंत मुळांना महत्त्व आहे. मुख्य पिकाबरोबर तूर, मूग, चवळी, बांधावर गवत, ओल असेल तेथे दोन पिकांच्या मध्ये ताग किंवा धैंचा, अशा रीतीने जमिनीत वर्षातील जितके अधिक दिवस जिवंत मुळे राहतील तितके मातीत येणे चालू राहील. आणि नांगरट जितकी बेताची तितके बांधलेले रवे टिकतील. दुसरी गोष्ट अशी की, उपाशी पीक जमिनीला अधिक ओरबाडते. मातीत मोकळे नत्र नसले म्हणजे जंतू नत्रासाठी जुने द्रव्य अधिक फोडतात. म्हणून बेताने व गरजेपुरते घातलेले वरखत हा सेंद्रिय द्रव्याचा वैरी नव्हे. काडीकचरा जाळून केवळ पोत्यातील खतावर विसंबणे हा वैरी आहे.

या प्रश्नाची व्याप्ती शेतापुरतीच नाही. जगाच्या मातीत जेवढा कर्ब साठलेला आहे तो हवेतील कर्बाहून अधिक आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास झाडे अधिक अन्न बनवितात, आणि त्यातला काही वाढीव भाग मुळांवाटे पाझरतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात पाइन वृक्षांच्या एका वनात अनेक वर्षे हा वायू सोडून प्रयोग करण्यात आला. मुळांचे स्राव वाढले आणि त्याबरोबर जुन्या सेंद्रिय द्रव्यातून नत्र मोकळे होण्याची गतीही वाढली, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात आहे. तेव्हा झाडे लावली की सगळा कर्ब जमिनीत निमूटपणे जाऊन बसेल, असा भाबडा हिशेब करून चालणार नाही. तेथेही दोन्ही पाने वाचावी लागतील.

श्रोतेहो, माती परीक्षणाची पत्रिका आता पुष्कळांच्या घरी येते. नत्र, स्फुरद व पालाश यांचे आकडे आपण उत्सुकतेने पाहतो. त्याच पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचाही एक आकडा असतो. दर दोनतीन वर्षांनी त्याच शेतातली, त्याच हंगामात माती तपासून तो आकडा आधीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावा. तो चढत असेल तर मुळे आणि आपण मिळून घर भरीत आहोत. तो उतरत असेल, तर चालू वर्षाचे पीक कितीही चांगले दिसो, ते पुढच्या पिढीच्या ठेवीतून आलेले आहे, हे ओळखून काडीकचरा जाळण्याआधी दोनदा विचार करावा.